अनोळखी गिऱ्हाईकाचे दोनशे रुपये आणि गोठलेलं खातं

दुकानदारांच्या बोलण्यात हल्ली एक तक्रार वरचेवर येते : अकाउंट फ्रीज झालंय. कर्ज थकलेलं नसतं, चेक परत गेलेला नसतो, कुणाशी भांडण झालेलं नसतं. सुताचा व्यापारी पैसे मागतो, मालक फोनवरून पाठवायला जातो आणि पैसे जातच नाहीत. बँकेत गेल्यावर कळतं, दुसऱ्याच कुठल्यातरी राज्यातल्या पोलिसांकडून सूचना आली आहे. का आली, हे काउंटरवरच्या माणसालाही धड सांगता येत नाही. मग बँक म्हणते पोलिसांना विचारा, पोलिस म्हणतात बँकेला विचारा, आणि माणूस हेलपाटे घालत राहतो. त्याच्या मनात एकच प्रश्न असतो, मी केलं तरी काय?

बहुतेकांनी केलेलं असतं ते एवढंच, की माल विकला आणि पैसे यूपीआयने घेतले.

छोट्या धंद्यांचे हिशेब लिहिण्याच्या कामामुळे ही माणसं माझ्यापर्यंत येतात. आल्या आल्या त्यांचा चेहरा गुन्हेगारासारखा पडलेला असतो. घरात सांगितलेलं नसतं, शेजारच्या दुकानदाराला कळू नये म्हणून हळू बोलतात. म्हणून आधीच सांगतो, खातं गोठणं म्हणजे आरोप नव्हे. पैशाचा माग काढण्याची ती एक पद्धत आहे. पद्धत गरजेची आहे, पण ती जशी वापरली जाते त्यात मोठी खोट आहे. दोन्ही गोष्टी समजून घेऊ.

चोरीचा पैसा आपल्या खात्यापर्यंत येतो कसा

एखाद्या शहरातल्या निवृत्त शिक्षकाला फोन येतो. समोरचा स्वतःला पोलिस म्हणवतो, घाबरवतो आणि पाच लाख रुपये एका खात्यात भरायला लावतो. हे खातं चोराच्या स्वतःच्या नावावर कधीच नसतं. ते कुणा विद्यार्थ्याचं किंवा बेकार तरुणाचं असतं, महिन्याला काही हजार देऊन वापरायला घेतलेलं. अशा भाड्याच्या खात्याला बँकवाले ‘म्यूल खातं’ म्हणतात. म्यूल म्हणजे दुसऱ्याचं ओझं वाहणारं खेचर.

पाच लाख तिथे आले की काही मिनिटांत त्यांचे तुकडे होतात. दहा खात्यांत पन्नास-पन्नास हजार, तिथून पुढे आणखी वीस-तीस खात्यांत. प्रत्येक टप्प्याला पोलिसांच्या भाषेत ‘लेयर’ म्हणतात, आपण थर म्हणू. तिसऱ्या-चौथ्या थरातला एखादा माणूस त्या पैशातून पेट्रोल भरतो, मोबाइल घेतो, हॉटेलात जेवतो, चादरींची जोडी विकत घेतो. चादर विकणारा त्या क्षणी साखळीची शेवटची कडी होतो, आणि त्याला त्याचा पत्ताही नसतो.

इकडे त्या शिक्षकाच्या लक्षात फसवणूक येते. तो १९३० या क्रमांकावर फोन करतो किंवा केंद्र सरकारच्या सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवतो. हा क्रमांक, पोर्टल आणि बँका यांना जोडणारी यंत्रणा केंद्रीय गृह मंत्रालयाच्या भारतीय सायबर गुन्हे समन्वय केंद्राने २०२१ मध्ये उभी केली. तक्रार नोंदली की शिक्षकाच्या बँकेला सूचना जाते. पैसे पुढे गेले असतील तर ती बँक पुढच्या बँकेचं नाव भरते, सूचना तिकडे जाते, तिथून आणखी पुढे. पैसा ज्या वाटेने गेला त्याच वाटेने सूचनाही थर उतरत येते आणि जिथे पैसा सापडेल तिथे तो अडवते.

आपल्याकडे सोलापुरात हे समजायला कालवा पुरेसा आहे. उजनीच्या कालव्यात वर कुणी घाण सोडली, तर ती अडवायला खालचे फाटे आणि चाऱ्यांची दारं भराभर बंद करावी लागतील. घाण कुठल्या चारीत शिरली हे तपासत बसलं तर ती शेतात पोहोचेल. म्हणून पहिल्या तासाभरात दारं पाडणं बरोबरच आहे. प्रश्न पुढचा आहे. ज्या शेतकऱ्याच्या चारीत घाणीचा एक थेंब आला, त्याचं पाणी किती दिवस तोडायचं?

सोलापूरला याची झळ जास्त का

हा माझा अंदाज आहे, पण त्यामागे कारण आहे. आपल्या जिल्ह्यातला बराचसा व्यापार अनोळखी माणसांशी चालतो. आषाढीला पंढरपुरात अख्खा महाराष्ट्र आणि निम्मा कर्नाटक उतरतो. चुरमुरे, कुंकू-बुक्का, तुळशीच्या माळा विकणाऱ्या प्रत्येक पाटीवर आता क्यूआर कोड आहे. अक्कलकोटला स्वामींच्या दर्शनाला बारमाही गर्दी. जानेवारीत सिद्धेश्वरांची गड्ड्याची यात्रा. बाजार समितीत कांदा घेऊन येणारा शेतकरी विजापूरकडचा, घेणारा व्यापारी कुठला तरी दक्षिणेकडचा. चादर आणि टेरी टॉवेलची गिऱ्हाइकं तर देशभर. शेंगाचटणी आणि कडक भाकरी घरून पार्सल करणाऱ्या बायकांचं गिऱ्हाईक त्यांनी कधी डोळ्यांनी पाहिलेलंही नसतं.

गल्लीतल्या किराणा दुकानाला पैसे देणारे चेहरे ठरलेले असतात. इथे दिवसाला शेकडो अनोळखी खात्यांतून पैसे येतात. २०२५च्या ऑगस्टमध्ये देशात यूपीआयचे महिन्याचे व्यवहार २,००० कोटींच्या वर गेले. त्यातला एखादा डागाळलेला व्यवहार आपल्या वाट्याला येणं हा निव्वळ योगायोगाचा भाग आहे, आणि जो जास्त अनोळखी लोकांकडून पैसे घेतो त्याच्या बाबतीत तो योगायोग लवकर घडतो.

पण पैसा चोरीचा आहे हे मला कसं कळणार?

कळणार नाही. क्यूआर स्कॅन करणाऱ्याच्या खात्यात ते पैसे कुठून आले हे तुम्हाला दिसत नाही, दिसण्याची सोयही नाही. रोखीतही हेच होतं. गल्ल्यात आलेली नोट आधी कुणाच्या खिशातून मारलेली आहे हे कोण सांगणार? फरक एवढाच, की नोटेला आठवण नसते. यूपीआयच्या प्रत्येक व्यवहाराला बारा आकडी क्रमांक असतो आणि तो कायमचा नोंदलेला राहतो.

पूर्वी चोरीचा पैसा चार हात फिरला की संपला, तपास तिथेच थांबायचा. आता तो तंत्रज्ञानामुळे थेट चटणीच्या पुड्यापर्यंत येऊन पोहोचतो. फसवल्या गेलेल्या माणसाच्या दृष्टीने ही मोठी गोष्ट आहे, त्याचे बुडालेले पैसे परत मिळण्याची पहिल्यांदाच खरी शक्यता निर्माण झाली आहे. उद्या माझ्या-तुमच्या आईला असा फोन आला तर आपणही १९३० लाच फोन करणार आहोत आणि खालची सगळी दारं पटापट पडावीत अशीच इच्छा करणार आहोत.

दोनशे रुपयांसाठी अख्खं खातं का?

इथे माझा राग आहे, आणि तो लपवण्याचं कारण मला दिसत नाही.

खातं अडवण्याचे दोन प्रकार असतात. पहिल्यात फक्त वादातली रक्कम बाजूला ठेवली जाते. खात्यात ऐंशी हजार आहेत आणि वाद दोनशेचा आहे, तर दोनशे अडकतात, बाकीचे वापरता येतात. बँकेत याला ‘लीन’ म्हणतात. दुसऱ्यात पूर्ण खातं बंद होतं. अनेकदा पैसे जमा होत राहतात पण काढता येत नाहीत, त्यामुळे दुकानदार बेसावधपणे क्यूआरवर पैसे घेत राहतो आणि तेही आत अडकतात.

पहिला प्रकार पुरेसा असताना दुसरा का वापरला जातो? कारण सोपं आहे. पोलिसांच्या सूचनेत रक्कम स्पष्ट नसते, किंवा असली तरी बँकेला अंगावर काही नको असतं. पूर्ण खातं बंद केलं तर बँकेला कुणी जाब विचारत नाही. कमी अडवलं आणि पैसे निसटले तर विचारतात. नुकसान मात्र यंत्रमाग चालवणाऱ्यासारख्या छोट्या धंदेवाल्याचं होतं. समजा अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत कुणाचे आठ यंत्रमाग आहेत. त्याची कामगारांची आठवड्याची मजुरी, सुताची उधारी, वीजबिल आणि कर्जाचा हप्ता सगळं एकाच चालू खात्यातून जातं. ते खातं आठवडाभर बंद राहिलं तर माग थांबतात. मागावर काम करणाऱ्याच्या घरची चूलही त्याच दोनशे रुपयांशी बांधली जाते, ज्यांच्याशी त्याचा काडीचा संबंध नाही.

न्यायालयांनी यावर बोट ठेवलं आहे. केरळ उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये सांगितलं, की पोलिसांच्या सूचनेत जी रक्कम आहे तेवढ्यापुरतंच बँकांनी खातं अडवावं. दिल्लीत एका छोले-भटुरे विकणाऱ्याचं खातं १०५ रुपयांच्या व्यवहारावरून गोठलं होतं. २०२४ मध्ये तिथल्या उच्च न्यायालयाने ते खुलं करून फक्त १०५ रुपयांवर लीन ठेवायला सांगितलं. एकशे पाच रुपयांसाठी गाडीवाल्याला उच्च न्यायालयात जावं लागलं, ही गोष्ट मला त्या निकालापेक्षाही जास्त बोलकी वाटते.

कायद्यात हे बसतं का?

बसतं, पण अटींसह. बँक खातं ही पोलिसांना ताब्यात घेता येण्याजोगी ‘मालमत्ता’ आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९९ मध्ये महाराष्ट्र सरकार विरुद्ध तापस नियोगी या खटल्यात ठरवलं. तेव्हा फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम १०२ लागू होतं. १ जुलै २०२४ पासून तिच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली आणि तीच तरतूद कलम १०६ मध्ये आहे. गुन्ह्याशी संबंध असल्याचा संशय असेल तर पोलिस मालमत्ता अडवू शकतात, मात्र तसं त्यांनी ताबडतोब दंडाधिकाऱ्यांना कळवायचं असतं.

नव्या संहितेत कलम १०७ वेगळं आलं आहे. मालमत्ता ‘गुन्ह्यातून मिळालेली’ आहे असं म्हणायचं असेल तर पोलिसांनी वरिष्ठांची मंजुरी घेऊन न्यायालयात अर्ज करायचा, न्यायालयाने समोरच्याला चौदा दिवसांची नोटीस द्यायची, त्याचं ऐकायचं आणि मग जप्ती. म्हणजे एका वाटेवर पोलिसांचा संशय पुरतो, दुसऱ्या वाटेवर न्यायाधीश मध्ये असतो. सायबर फसवणुकीत कुठली वाट कधी घ्यायची यावर सध्या न्यायालयांत वाद चालू आहेत. चादरवाल्यासाठी यातलं महत्त्वाचं एवढंच, की खातं कुठल्या कलमाखाली अडवलं हे विचारण्याचा त्याला अधिकार आहे आणि पुढची सगळी धावपळ त्या उत्तरावर ठरते.

मग यूपीआय बंद करून रोखच घ्यावी का?

हा प्रश्न प्रत्येक जण विचारतो. शेजारच्या कर्नाटकात २०२५च्या जुलैमध्ये छोट्या दुकानदारांना यूपीआयच्या जमेवरून जीएसटीच्या नोटिसा आल्या, तेव्हा बंगळुरूत कित्येकांनी ‘फक्त रोख’ अशा पाट्या लावल्या होत्या. भीती समजण्यासारखी आहे. पण जीएसटी नोंदणीची मर्यादा माल विकणाऱ्यांसाठी वर्षाला ४० लाखांची आहे आणि ती एकूण विक्रीवर मोजतात. पैसे गल्ल्यात आले की फोनवर, याने ती बदलत नाही. शिवाय यात्रेला येणारं तरुण गिऱ्हाईक खिशात नोटा ठेवतच नाही. ते पुढच्या दुकानात जाईल.

त्यापेक्षा खाती वेगळी करा. क्यूआरवर येणारे पैसे एका खात्यात, घरखर्च आणि बचत दुसऱ्या बँकेतल्या खात्यात, आणि दर दोन-तीन दिवसांनी पहिल्यातून हिशेबानुसार रक्कम हलवा. हे लपवाछपवीचं काम नाही, कुणीही उघडपणे करावं असं आहे. डाग पडलाच तर एका खात्यावर पडेल आणि घर चालू राहील. धंद्याचा क्यूआरही दुकानाच्या नावाने घ्या, मुलाच्या वैयक्तिक खात्याचा चिकटवू नका. तपास अधिकाऱ्याला पहिल्या नजरेत ‘दुकान’ दिसणं आणि कुणा पोराचं नाव दिसणं, यात खूप अंतर आहे.

दुसरं, बिल. पाचशेच्या वरच्या प्रत्येक विक्रीचं बिल करा आणि त्यावर व्यवहाराच्या बारा आकड्यांपैकी शेवटचे चार तरी लिहा. दोनशेच्या चटणीला बिल करणं जमणार नाही, मान्य. तिथे वहीत तारीख, माल आणि रक्कम एका ओळीत लिहिली तरी चालेल. पार्सल पाठवत असाल तर कुरिअरची पावती जपा. व्हॉट्सअॅपवर ऑर्डर आली असेल तर ते संभाषण पुसू नका आणि फोन बदलताना जुना विकून टाकू नका. पोलिसांना ई-मेल करायला स्क्रीनशॉट पुरतो, पण प्रकरण न्यायालयात गेलं तर भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे अशा डिजिटल पुराव्यासोबत प्रमाणपत्र द्यावं लागतं, आणि त्यासाठी मूळ फोन हाताशी असलेला बरा.

तिसरी गोष्ट सगळ्यांत महत्त्वाची. कुणी म्हणालं, ‘शेठ, पाच हजार फोनपे करतो, रोख द्या,’ तर देऊ नका. बसस्टँडजवळच्या दुकानांत हे रोज घडतं, माणुसकी म्हणून दुकानदार देतात. पण माल विकल्याशिवाय आलेल्या पैशाचं कारण पुढे कुणालाही पटवता येत नाही. तसंच, ‘चुकून तुमच्या खात्यात आले, या दुसऱ्या नंबरवर परत पाठवा’ असा फोन आला तर परस्पर पाठवू नका. पाठवलेत की तुम्ही साखळीची शेवटची कडी राहत नाही, मधली होता. बँकेला लेखी कळवा आणि पैसे आले त्याच वाटेने परत जाऊ द्या.

गोठलंच तर काय करायचं

आधी बँकेकडून लेखी माहिती मागा. तोंडी बोलण्यावर निघू नका. तक्रारीचा क्रमांक, पोलिस ठाण्याचं नाव आणि तपास अधिकाऱ्याचा ई-मेल, वादातला नेमका व्यवहार, त्याची रक्कम आणि कलम, एवढं अर्जात विचारा आणि अर्जाच्या प्रतीवर पोच घ्या. त्याच अर्जात लिहा, की वादातली रक्कम लीन ठेवून बाकीचं खातं खुलं करावं.

मग त्या तपास अधिकाऱ्याला ई-मेल करा. बिल, पार्सलची पावती, दुकानाचा परवाना किंवा उद्यम नोंदणी, त्या दिवसाचा खातेउतारा आणि आधारकार्ड जोडा. पत्र एका पानाचं असू द्या. अमुक तारखेला अमुक माल विकला, त्याचे हे पैसे, गिऱ्हाइकाशी दुसरा संबंध नाही. फोन उचलला गेला नाही तर त्या राज्याच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याचं नाव सायबर गुन्हे पोर्टलवर दिलेलं असतं, त्याला तोच ई-मेल पाठवा. सूरतला किंवा हैदराबादला धावत जायची घाई करू नका. ‘पैसे द्या, खातं खुलं करून देतो’ म्हणणारे मध्यस्थ भेटतील, त्यांच्यापासून लांब राहा. आधीच अडकलेल्या माणसाला लुटणारा हा दुसरा चोर असतो.

बँकेने तीस दिवसांत उत्तर दिलं नाही किंवा रक्कम स्पष्ट असतानाही पूर्ण खातं बंद ठेवलं, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनामूल्य तक्रार करता येते. पोलिसांकडूनच हालचाल नसेल तर दंडाधिकाऱ्यांकडे नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५०३ खाली अर्ज, आणि शेवटी उच्च न्यायालय. सोलापूरकरांसाठी उच्च न्यायालय थोडं जवळ आलं आहे. १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच सुरू झालं, आणि आपला जिल्हा त्याच्याकडे आहे. वकिलाची फी झेपत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. स्त्रियांना तिथे उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. घरून चटणी-भाकरीचा धंदा करणाऱ्या किती जणींना हे माहीत आहे?

आता संशयही यंत्र घेणार

आतापर्यंत सांगितलं ते तक्रार आल्यानंतरचं. पुढचा टप्पा तक्रार येण्याआधीचा आहे. रिझर्व्ह बँकेच्या इनोव्हेशन हबने ‘म्यूलहंटर’ नावाची कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणारी प्रणाली तयार केली आणि डिसेंबर २०२४ मध्ये बँकांना तिच्यात सहभागी होण्याचं आवाहन झालं. म्यूल खात्यांची वागण्याची एक तऱ्हा असते. खातं महिनोन्‌महिने झोपलेलं असतं, मग एका दिवशी अनेक अनोळखी खात्यांतून पैसे येतात आणि लगेच बाहेर जातात. अशा तऱ्हा यंत्र ओळखतं आणि बँकेला सावध करतं.

भाड्याची खाती त्यांतून चोरी व्हायच्या आधीच पकडली जाणार असतील तर त्याहून चांगलं काय? पण ती तऱ्हा पुन्हा वाचा आणि पंढरपुरातल्या माळा विकणाऱ्याचं खातं डोळ्यांसमोर आणा. अकरा महिने किरकोळ व्यवहार, आषाढीच्या आठवड्यात हजारो अनोळखी लोकांकडून छोट्या रकमा, आणि संध्याकाळी सगळे पैसे घाऊक व्यापाऱ्याकडे. गड्ड्यावर पाळणा लावणाऱ्याचं खातंही असंच दिसेल. यंत्राला यात्रा शिकवलेली नसेल तर हा माणूस त्याला संशयितच वाटणार. म्हणून यंत्राने बोट दाखवल्यावर त्या भागातल्या शाखेतल्या माणसाने ते खातं बघितलंच पाहिजे. आषाढी कधी असते हे ज्याला माहीत आहे अशा माणसाने.

माझं मागणं याहून मोठं नाही. खातं अडवलं त्याच दिवशी खातेदाराला मराठीत एक एसएमएस जावा. त्यात तक्रारीचा क्रमांक, वादातली रक्कम, तपास अधिकाऱ्याचा ई-मेल आणि बाकीचे पैसे वापरता येतील की नाही, एवढं असावं. पैसा अडवल्याची सूचना एका बँकेतून दुसऱ्या बँकेत पाठवणारी यंत्रणा ही माहिती आधीच बाळगून असते. ती खातेदाराच्या फोनवर पाठवायला नवं काही शोधावं लागणार नाही.